शिक्का एकाचा, संहिता दुसऱ्याची : ऑस्ट्रेलियातल्या भाषांतरकार-दुभाष्यांच्या संघटनेचं प्रकरण

माझी मामेबहीण मेलबर्नला असते. गेल्या वर्षी तिला स्वतःच्या जन्मनोंदीच्या उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. उतारा कऱ्हाड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा, हाताने लिहिलेला, खाली गोल शिक्का आणि ग्रामसेवकाची न लागणारी सही. मी इतकी वर्षं हेच काम करतोय, म्हणून म्हटलं, पाठव, संध्याकाळपर्यंत करून देतो. तर म्हणाली, "नको दादा, मी इथूनच करून घेते. इथं नाटीचा शिक्का मागतात. तू फक्त नावं बघून दे."

नावं बघायला आलेला तो कागद मी दोनदा वाचला. आजोबांच्या नावात एक 'एच' कमी होता, तेवढा कळवला. बाकी काम चोख. नोंद देणाऱ्याचं नातं मूळ उताऱ्यात 'चुलता' होतं. भाषांतरकाराने सरधोपट 'अंकल' लिहून पुढे चौकटी कंसात 'वडिलांचा भाऊ' असा खुलासा केला होता. सहीच्या जागी 'सही, अवाच्य'. शिक्क्याच्या जागी 'गोल शिक्का, अंशतः अस्पष्ट'. काही गाळलं नव्हतं, पदरचं काही घातलं नव्हतं. आणि तळाला तो शिक्का : भाषांतरकाराचं नाव, क्रमांक, कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत त्याचा उल्लेख, आणि नाटी.

माझं कुतूहल चाळवलं ते इथे. नाटी ही भाषांतरकारांची संघटना नाही. ती सरकारांच्या मालकीची परीक्षा घेणारी संस्था आहे. भाषांतरकार आणि दुभाष्यांची राष्ट्रीय संघटना वेगळी, तिचं नाव ऑसिट. तिचा त्या कागदावर मागमूसही नाही. आपल्याकडे वकिलाला सनद बार कौन्सिल देते, सीएची परीक्षा सीएंचीच संस्था घेते. मग ऑस्ट्रेलियात, जिथे दुभाष्यांची व्यवस्था जगात नावाजली जाते, तिथे धंद्याची किल्ली धंद्यातल्या माणसांच्या हातात का नाही? आणि गंमत अशी, की ती त्यांच्या हातात द्यायची हे मुळातच ठरलेलं होतं.

आधी माणसं आली, मग प्रश्न

दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ साली, ऑस्ट्रेलियाने स्थलांतराचं स्वतंत्र खातं काढलं. देशात माणसं कमी, किनारा मोठा, आणि जपानची धास्ती ताजी. युरोपातून निर्वासित आणि कामगार बोटी भरभरून आणले गेले. व्हिक्टोरिया राज्यातल्या बोनेगिला इथल्या एकाच छावणीतून १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून जास्त लोक गेले. पोलिश, युक्रेनियन, इटालियन, ग्रीक, युगोस्लाव्ह. धोरण सरळ होतं : आलात ना, आता इंग्रजी शिका आणि आमच्यात मिसळून जा. अशा धोरणात दुभाष्याला जागा नसते. दुभाषी लागला म्हणजे माणूस अजून मिसळलेला नाही, एवढाच अर्थ.

व्यवहारात काय झालं असेल ते सांगायला नको. दवाखान्यात आईच्या पोटदुखीचं दहा वर्षांची मुलगी सांगायची. प्रसूतीच्या वेळी झाडू मारणाऱ्या बाईला बोलावलं जायचं, कारण तिला ग्रीक येतं. पोलीस चौकीत शेजारी बोलायचा, तोच शेजारी ज्याच्याशी भांडण झालेलं.

कायद्याने त्या माणसाकडे कसं पाहिलं याचा एक नमुना १९६० सालचा आहे. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात असलेल्या पापुआमधला खुनाचा एक खटला तिथल्या हायकोर्टापर्यंत, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपीने कबुली दिली ती दुभाष्यामार्फत. अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलं ते दुभाष्याच्या तोंडून ऐकलेलं. मग ही ऐकीव साक्ष नव्हे का? न्यायालय म्हणालं, नाही. दुभाषी हा दोन माणसांमधलं साधन आहे, संभाषणातला तिसरा माणूस नव्हे. निकाल त्या प्रकरणापुरता समजण्यासारखा आहे, पण दुभाष्याला नळीसारखं पाहण्याची सवय त्यातून पक्की झाली. नळीला परीक्षा नसते, मानधन नसतं आणि संघटना तर नसतेच.

१९७३ ला वारं बदललं. गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाचं धोरण अधिकृतपणे संपलं, आणि त्याच वर्षी सिडनी आणि मेलबर्नमध्ये आणीबाणीच्या प्रसंगी फोनवर दुभाषी देणारी सरकारी सेवा सुरू झाली. जगातल्या अशा सुरुवातीच्या सेवांपैकी ती एक. आज तीच सेवा दीडशेहून जास्त भाषांत चोवीस तास चालते. पण फोन सुरू झाला तसा दुसरा प्रश्न उभा राहिला. पलीकडे बोलणारा माणूस बरोबर सांगतोय हे ठरवायचं कोणी?

वरात आधी, साखरपुडा दहा वर्षांनी

याचं उत्तर परदेशी व्यावसायिक पात्रतांचा विचार करणाऱ्या सरकारी समितीकडून आलं. १९७७ च्या तिच्या अहवालात भाषेचा अडसर हाच विषय होता. त्यातून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाटी जन्माला आली. भाषांतरकार आणि दुभाष्यांना मान्यता देणारं राष्ट्रीय प्राधिकरण, असा तिच्या नावाचा अर्थ. पाच पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर कचेरीतला भाषा-साहाय्यक, दुसरीवर निम-व्यावसायिक, तिसरी खरी व्यावसायिक, चौथी परिषदांमधले दुभाषी आणि वरच्या दर्जाचे भाषांतरकार, पाचवी सगळ्यांत ज्येष्ठांची.

पायऱ्या कोणी ठरवल्या ते लक्षात घ्यायला हवं. सरकारने. धंद्यात राष्ट्रीय पातळीवर बोलेल अशी एकही संघटना तेव्हा नव्हती. राज्याराज्यांत लहान लहान मंडळं होती, तीही बहुधा एका शहरापुरती.

इतर देशांत क्रम उलटा आहे. फ्रान्समध्ये १९४७ ला भाषांतरकार स्वतः एकत्र आले. जर्मनीत त्यांचा महासंघ १९५५ चा. अमेरिकेत १९५९ ला संघटना निघाली, आणि चौदा वर्षांनी, १९७३ ला, तिने स्वतःची परीक्षा सुरू केली. (त्या अमेरिकी संघटनेचे पहिले अध्यक्ष अलेक्झांडर गोड हे इंटरलिंग्वा नावाच्या कृत्रिम भाषेचे एक जनक. सगळ्या जगाला भाषांतराविना कळेल अशी भाषा घडवणारा माणूस भाषांतरकारांचा म्होरक्या! असो.) तिथे आधी माणसं जमली, मग त्यांनी दाराला उंबरा घातला. ऑस्ट्रेलियात उंबरा आधी, घर नंतर.

हा उलटा क्रम नाटी काढणाऱ्यांना दिसत नव्हता असं नाही. म्हणूनच नाटीच्या मूळ कामांत एक कलम होतं : दर्जा ठरवायचा, परीक्षा बसवायच्या, धंद्याची एक राष्ट्रीय, स्वतःचं नियमन स्वतः करणारी संघटना उभी राहील असा पाया घालायचा, आणि साधारण पाच वर्षांत मान्यता देण्याचं काम त्या संघटनेच्या हवाली करायचं. म्हणजे १९८२ च्या सुमारास नाटीने किल्ल्या सोपवून बाजूला व्हायचं. वडिलांनी मुलगा सज्ञान होईपर्यंत दुकान सांभाळावं, तसं.

१९८२ उजाडलं तेव्हा सोपवायला कोणी नव्हतंच. १९८४ मध्ये नाटीची पुनर्रचना झाली, आणि ती केंद्र, राज्यं आणि प्रदेशांच्या सरकारांच्या सामायिक मालकीची कंपनी झाली. तात्पुरत्या व्यवस्थेला पक्क्या विटा लागल्या. माझ्या मते प्रकरणाचा निकाल इथेच लागला, संघटना जन्मायच्या तीन वर्षं आधी.

ऑसिट स्थापन झाली सप्टेंबर १९८७ मध्ये, कॅनबेरात. नाटीला बरोबर दहा वर्षं झाली होती, आणि बैठक बोलावण्यात पुढाकारही नाटीचाच होता. राज्यांतल्या जुन्या संघटना आणि खास कामांचे गट एका छत्राखाली आले. राज्यवार शाखा झाल्या. संघटना ना-नफा तत्त्वावर, सभासदांच्या वर्गणीवर आणि सभासदांच्याच फुकटच्या कष्टावर चालते. दर वर्षी परिषद, 'इन टच' नावाचं नियतकालिक, प्रशिक्षणवर्ग, सभासदांची सूची, आणि चुकीच्या भाषांतराचा दावा अंगावर आला तर उपयोगी पडणारा व्यावसायिक विमा सवलतीत. शेवटची गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. ज्याने एकदा तरी खरेदीखतातला गट नंबर चुकवला आहे त्याला वाटणार नाही.

जगाच्या पाठीवर तिला मान लवकर मिळाला. भाषांतरकारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे फितचं, जागतिक अधिवेशन १९९६ मध्ये मेलबर्नला भरलं, पुन्हा २०१७ मध्ये ब्रिस्बेनला. दोन्हींची यजमान ऑसिट. नाटीचं अध्यक्षपद सांभाळलेले अॅडॉल्फो जेंटिल पुढे फितचे अध्यक्ष झाले. पण घरच्या दाराची किल्ली नाटीकडेच राहिली.

तिच्याकडे काय आलं : संहिता

परीक्षा हातात नसलेल्या संघटनेने मग काय करावं? ऑसिटने आचारसंहिता लिहिली. पहिली १९९० च्या दशकात, नाटीने ती मान्य केली. नंतर तिची नव्याने मांडणी होऊन २०१२ मध्ये आजची संहिता आली. तिची तत्त्वं नऊ : व्यावसायिक वर्तन, गोपनीयता, क्षमता, निःपक्षपात, अचूकता, भूमिकेच्या मर्यादा, कामातले संबंध जपणं, व्यावसायिक विकास आणि सहव्यावसायिकांशी एकोपा.

अशी यादी वाचून मला सहसा जांभई येते. पण या नऊपैकी दोन-तीन तत्त्वं मराठीतून वापरून बघितली की कळतं, ती टेबलावर बसून लिहिलेली नाहीत.

समजा, मेलबर्नच्या दवाखान्यात एक मराठी आजी आहेत, समोर पुरुष डॉक्टर आणि मधे बाई दुभाषी. नियम असा की दुभाष्याने प्रथमपुरुषात बोलायचं. डॉक्टर 'मी' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, 'ते म्हणतात की' असं नाही. 'ते म्हणतात' सुरू झालं की कोण म्हणतंय याचा घोळ होतो, आणि दुभाषी नकळत डॉक्टरचा सारांश सांगायला लागतो. इंग्रजीत हे सोपं आहे. मराठीत बाईच्या तोंडी काय येणार? 'मी तुम्हाला गोळी लिहून देतो' म्हटलं तर आजी दचकून बघणार. 'लिहून देते' म्हटलं तर गोळी दुभाषीणबाईच देतेय असं वाटणार. आमच्या क्रियापदाला लिंग चिकटलेलं आहे आणि नियम करणाऱ्यांच्या भाषेत ते नाही.

मुरलेला दुभाषी यातून वाट काढतो. 'मी गोळी लिहून देणार आहे.' हे बाईच्या तोंडी चालतं, पुरुषाच्याही. 'मी रिपोर्ट बघितला', इथे क्रियापद रिपोर्टच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. 'मी उद्या येतो' ऐवजी 'मी उद्या येईन'. दहा मिनिटांच्या भेटीत असे वीस निर्णय, प्रत्येक अर्ध्या सेकंदात. १९६० च्या निकालातल्या साधनाला हे कुठून जमायचं?

दुसरं तत्त्व, भूमिकेच्या मर्यादा. डॉक्टर क्षणभर बाहेर गेला की आजी हळूच विचारणार, "बाई, तूच सांग, घेऊ का ही गोळी? तुझ्या आईला असतं तर दिली असतीस का?" आपल्या संस्कारात याला उत्तर न देणं म्हणजे शुद्ध माजोरीपणा. संहितेत उत्तर देणं हा दोष. डॉक्टर आल्यावर 'आजी गोळीबद्दल विचारत आहेत' हे मोठ्याने सांगणं, एवढंच दुभाष्याच्या हातात. आणि गोपनीयता तर मराठी मंडळीत सगळ्यांत अवघड. मंगळवारी दवाखान्यात भेटलेल्या आजी शनिवारी गणपतीच्या आरतीला भेटतात, आणि ताम्हण फिरत असताना शेजारची बाई विचारते, "काय झालं होतं हो त्यांना?"

ही संहिता ऑसिटची, पण ती फक्त सभासदांपुरती राहिली नाही. नाटीने ती आपल्या परीक्षेत घेतली. दुभाष्यांना कामं देणाऱ्या यंत्रणांनी ती करारात घातली. न्यायालयांनीही दुभाष्याच्या दर्जाकडे नव्याने पाहायला सुरुवात केली. १९९९ मध्ये श्रीलंकेतून आलेल्या एका आश्रयार्थीच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने न्यायाधिकरणापुढचं दुभाष्याचं काम तपासलं आणि ठरवलं की ते इतकं तोकडं होतं, की माणसाला आपली बाजू खऱ्या अर्थाने मांडताच आली नाही. नळी म्हणून दुर्लक्ष करण्यापासून न्यायालयं चाळीस वर्षांत इथवर आली. २०१७ मध्ये कोर्टांत दुभाष्यांसोबत काम कसं करावं याची राष्ट्रीय मानकं निघाली, ती न्यायाधीशांनी नुसती वाचायची नाहीत, स्वतःही पाळायची.

किल्ली का दिली नाही

आता मूळ प्रश्न. १९८७ ला संघटना झाली, पुढच्या दशकात तिची संहिताही आली, मग हस्तांतर का झालं नाही?

एक कारण नेहमी सांगितलं जातं : सभासद कमी. नाटीची मान्यता असलेले हजारो, त्यांतले ऑसिटमध्ये येणारे थोडे. खरं आहे. पण हे कारण आणि परिणाम यांचं चक्र आहे. शिक्का नाटीचा लागतो, काम नाटीच्या क्रमांकावर मिळतं, मग वर्गणी भरून ऑसिटमध्ये कशाला जा? आणि लोक येत नाहीत म्हणून सरकार म्हणणार, तुम्ही साऱ्या धंद्याच्या वतीने बोलता कसे? कोंबडी आणि अंडं, दोन्ही सरकारच्या टोपलीत.

दुसरं कारण उघड बोललं जात नाही. ऑस्ट्रेलियात दुभाष्यांच्या सेवेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. दवाखाने, पोलीस, कोर्टं, कल्याण खातं, स्थलांतर खातं. विकणाऱ्याच्या दर्जाचा दाखला विकणाऱ्याच्याच संघटनेने द्यावा हे गिऱ्हाइकाला कशाला आवडेल? उद्या संघटना परीक्षा कडक करेल, माणसं कमी होतील, दर वाढतील. ही भीती अगदीच खोटी नाही. संघटना असं करतात, वैद्यक आणि वकिलीच्या इतिहासात पानोपानी दिसतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं : भाषांची संख्या. इटालियन किंवा मँडरीनची परीक्षा घेणं परवडतं, परीक्षार्थी रांगेत उभे असतात. पण एखाद्या वर्षी युद्ध पेटतं आणि अचानक अशा भाषेचे निर्वासित येतात जिचे देशात दोनच सुशिक्षित जाणकार आहेत. त्या दोघांची परीक्षा घेणार कोण? त्यांचा परीक्षक कोण? तेच एकमेकांचे प्रतिस्पर्धीही. इतक्या भाषांचा तोटा पोसायला तिजोरी लागते, आणि फावल्या वेळात चालवलेल्या संघटनेकडे ती नसते. ऑसिटमधल्या काहींना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. किल्ली हवी, पण तिच्यासोबत येणारं वीजबिल नको.

त्यात धंदा स्वतः एकसंध नाही. वातानुकूलित काचेच्या खोलीत बसून परिषदेचं बोलणं सांगणारा दुभाषी, रात्री दोनला फोनवर अपघाताचं सांगणारा दुभाषी आणि घरी बसून करारनामे करणारा भाषांतरकार यांचं दुखणं एक नाही. खाणाखुणांच्या भाषेचे, म्हणजे ऑस्लॅनचे दुभाषी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या वेगळ्या संघटनेत आहेत.

पैशाच्या प्रश्नावर तर संघटनेचे हात कायद्यानेच बांधलेले. बहुतेक दुभाषी स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रत्येक जण एक दुकान. दुकानदारांनी जमून दर ठरवला की तो स्पर्धा कायद्याचा भंग. परिषद-दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला अमेरिकेत याचा चटका बसला. तिथल्या संघीय व्यापार आयोगाने १९९७ मध्ये तिच्या दरांच्या नियमांवर बंदी आणली. त्यामुळे ऑसिटसारखी संघटना चांगल्या कामाची व्याख्या करू शकते, पण त्याला तासाला किती मिळावेत हे ठरवू शकत नाही. त्यासाठी अनेक जण कामगार संघटनेकडे वळले. दर ठरतो तो सरकारी निविदेत, आणि निविदा घेते मधली एजन्सी. एजन्सी आपला वाटा कापते आणि उरलेलं दुभाष्याकडे येतं. तिथे नऊ तत्त्वांपैकी एकही कामाला येत नाही.

२०१२ ते २०१८

एवढं सगळं म्हटल्यावर ऑसिट हरली असा निष्कर्ष काढावासा वाटतो. तो चूक ठरेल.

२०१२ मध्ये सँड्रा हेल यांच्या नेतृत्वाखाली नाटीच्या परीक्षापद्धतीची तपासणी झाली, सतरा शिफारशी आल्या. जुन्या पद्धतीतला मोठा दोष असा, की भाषा येते एवढ्यावर माणूस प्रशिक्षणाविना परीक्षेला बसायचा, आणि एकदा मिळालेली मान्यता पुष्कळांना जन्मभर पुरायची. (२००७ नंतर मिळालेल्या मान्यतेचं नूतनीकरण सुरू झालं होतं, आधीच्यांना ते लागू नव्हतं.) जानेवारी २०१८ पासून 'मान्यता' जाऊन 'प्रमाणन' आलं. आता आधी प्रशिक्षण, मग नीतीची वेगळी परीक्षा, मग मुख्य परीक्षा, आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र नवं करून घ्यायचं. त्यासाठी काम केल्याचा आणि शिकत राहिल्याचा पुरावा द्यायचा. कोर्टाच्या आणि वैद्यकीय कामासाठी खास प्रमाणपत्रंही आली.

यातली नीतीची परीक्षा कशावर असते? ऑसिटच्या संहितेवर. तीन वर्षांत जे शिक्षण दाखवायचं, त्यातलं बरंचसं देतं कोण? ऑसिट. म्हणजे दार नाटीचं, पण आत शिरताना म्हणायचा मंत्र संघटनेने लिहिलेला. किल्ली मिळाली नाही, तरी कुलपाच्या आतल्या खाचा तिने घडवल्या.

२०२० च्या साथीत तिचं आणखी एक रूप दिसलं. जुलैत मेलबर्नमधल्या सरकारी घरांच्या नऊ उंच इमारती एका दिवसात टाळेबंद केल्या. आत तीनेक हजार माणसं, कितीतरी भाषांची, आणि आपल्याला का कोंडलंय हे अनेकांना आपल्या भाषेत कळलंच नाही. पुढच्या महिन्यात मास्क लावायला सांगणारं एक सरकारी पत्रक गाजलं, त्यात अरबी आणि फारसी एकाच मजकुरात मिसळली होती. लिपी जवळजवळ सारखी, त्यामुळे मांडणी करणाऱ्याला फरक दिसलाच नसावा. हिंदीतल्या दोन ओळी मराठी फलकावर आल्या तर आपल्याला काय वाटेल तसं. त्यानंतर ऑसिटने वांशिक समुदायांच्या महासंघासोबत सरकारी सूचनांच्या भाषांतराची कार्यपद्धती लिहून काढली : मूळ इंग्रजीच आधी सोपं करा, भाषांतर दुसऱ्या भाषांतरकाराकडून तपासून घ्या, त्या समाजातल्या माणसांना वाचायला द्या, आणि छपाईआधी शेवटचा कागद भाषांतरकाराला दाखवा. शेवटची सूचना प्रत्येक छापखान्याच्या भिंतीवर लावावी अशी आहे.

मराठी माणूस या प्रकरणात कुठे येतो

बहुतेक मराठी तरुणांना नाटी माहीत आहे ती वेगळ्याच कारणाने. २०१८ पासून नाटी एक छोटी भाषा-चाचणी घेते. तिच्यात उत्तीर्ण झालं की कायमच्या वास्तव्याच्या अर्जात पाच गुण मिळतात. मराठीतही ती देता येते. दोन संवाद, प्रत्येक सुमारे तीनशे शब्दांचा, पस्तीस शब्दांपर्यंतचे तुकडे. एक जण इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी, आणि मधे तुम्ही. नव्वदपैकी त्रेसष्ट लागतात, आणि दोन्ही संवादांत किमान एकोणतीस. पुण्यातल्या आणि मेलबर्नमधल्या संगणक-अभियंत्यांचे सरावाचे ग्रुप चालतात, 'गृहकर्जाचा हप्ता', 'जामीनदार', 'अपील करायची मुदत' हे शब्द घोकले जातात. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या कित्येकांनी हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले ते तिथे. आईला फोन करून 'तारण'ला आणखी काय म्हणतात असं विचारणारे मला ठाऊक आहेत.

ही चाचणी दुभाषी होण्याची परवानगी देत नाही, आणि ती देणारे बहुतेक जण कधी दुभाषी होणारही नाहीत. पण त्यांची फी नाटीकडे जाते. पाच गुणांचा व्यवहार आहे, धंद्याशी त्याचा संबंध नावापुरता. किल्ली संघटनेला देणं आणखी अवघड करणारी ही नवी गाठ, असं मी समजतो. स्थलांतराच्या गुणांचं काम कुठलं सरकार स्वयंसेवी संघटनेच्या हाती देईल?

मामेबहिणीच्या उताऱ्यातला 'एच' दुरुस्त होऊन आला, त्याच क्रमांकाच्या शिक्क्यासह. मामी आता तिच्याकडेच राहते. मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी डॉक्टरकडे नेलं, तर त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मराठी दुभाषी जोडून दिली. मी मामीला विचारलं, कसं झालं?

"सगळं नीट सांगितलं रे तिने. डॉक्टर 'देणार आहे' म्हणाला, तसंच्या तसं. पण बाई मोठी शिष्ट. आवाजावरून आपल्याच बाजूची वाटली, साताऱ्याकडची. तीनदा विचारलं, गाव कुठलं तुझं म्हणून. तर काय म्हणावं? डॉक्टरलाच इंग्रजीत सांगितलं, की पेशंट माझं गाव विचारतायत!"